वाक्यात उपयोग

आमच्या घरात शब्दाचा नुसता अर्थ सांगून कुणाची सुटका होत नसे. आमचे हे, अनंतराव, गंगाखेडच्या शाळेत इंग्रजी शिकवतात, आणि 'अर्थ पाठ झाला म्हणजे शब्द आला असं नाही, वाक्यात उपयोग करा' हे त्यांचं पालुपद. आमचा शंतनु लहानपणी बापावर रुसला की बोलायचा नाही. पण यांनी पाटीवर एखादा शब्द लिहून ठेवला की वाक्य सांगायला यायचाच. मला इंग्रजीचं वावडं. मी आपली पोळ्या लाटत बापलेकाची मजा बघायची.

आता शंतनु तिकडं तमिळनाडूत इंजिनिअरिंगला आहे. अलीकडे त्याचं फोनवरचं बोलणं तुटक झालं होतं. 'हो, नाही, ठेवतो' एवढंच. त्या दिवशी दुपारचा चहा घेताना त्याच्या होस्टेलच्या रेक्टरचा फोन आला. माणूस तिकडचा, इंग्रजीतच बोलणार. यांनी दोनदा 'थँक यू' म्हणून फोन ठेवला, आणि चेहरा असा की जणू पोरगं बोर्डात पहिलं आलंय.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"शंतनु हल्ली लय 'पेन्सिव्ह' असतो म्हणे. म्हणजे चिंतनशील. विचारमग्न."

"आन एवढं सांगायला त्यांनी मुद्दाम फोन केला?"

पोराचं कौतुक करायला कुठला रेक्टर फोन करतो?

"वाक्यात उपयोग करा," मी म्हणाले.

ते हसले. मी हसत नाही हे बघून वर्गातल्यासारखी वाक्यं सांगू लागले. लढाईवरून मुलाचं पत्र आलं नाही, म्हातारी खिडकीत पेन्सिव्ह बसून होती. मित्राला स्मशानात पोचवून आला, वाटभर पेन्सिव्ह होता. तिसऱ्या वाक्याला त्यांची जीभ अडली.

"तुमच्या वाक्यातल्या सगळ्यांचं काहीतरी गेलंय," मी म्हणाले. "आपल्या लेकराचं काय गेलं?"

त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि फोन उचलला.

दोघांनी आपापल्या फोनवरून शंतनुला लावायला सुरुवात केली. रिंग जायची आणि थांबायची. रेक्टरही उचलेनात. मी देवांना हाक मारली, देवांवर चिडले, आणि यांच्यावर तर फारच. "जन्मभर दुसऱ्याची पोरं शिकवली, आन स्वतःच्या पोराबद्दल कुणी काय सांगायलंय ते कळंना तुमाला." भीती वाटली की माझी जीभ सुटते. ते खाली मान घालून उभे राहिले. मला त्यांची दया आली, पण तेव्हा दयेला सवड नव्हती.

मग मला पाटी आठवली.

"त्याला शब्द धाडा," मी म्हणाले.

"कोणता?"

"तोच."

त्यांनी तो एक शब्द मोबाईलवर लिहून पाठवला. आम्ही दोघं त्या काचेकडे बघत राहिलो. रस्त्यावरून उसाची ट्रॅक्टरं गाणी वाजवत कारखान्याकडे चालली होती. त्या सगळ्यांचे टेप फोडून टाकावेत असं मला वाटलं.

फोन वाजला. मी तो यांच्या हातातून ओढूनच घेतला.

"आई? बाबा कुठंयत?" मागं नुसता वारा होता.

"हायेत इथंच. तू काय करायलास?"

"काही नाही. गच्चीवर बसलोय."

मी यांना हाताने वर दाखवलं, ओठांनीच 'गच्ची' म्हणाले. ते माझा फोन घेऊन अंगणात पळाले, रेक्टरना लावायला. तोवर पोराला बोलतं ठेवायचं, एवढंच माझ्या हाती होतं.

"बाबांनी शब्द धाडलाय ना, त्याचं वाक्य मला सांग बरं. मला कुठं इंग्रजी येतं?"

"बाबांना विचार की."

"त्यांना नुसता अर्थ येतो. तू सांग."



"माणूस एकटाच बसतो, आई. आन त्याला वाटतं, आता कुणाला सांगून काय उपयोग."

अंगणात यांना रेक्टरचा फोन एकदाचा लागला होता. एवढे इंग्रजीचे मास्तर, पण तोंडातून 'प्लीज सर, टेरेस, प्लीज' याखेरीज काही निघत नव्हतं.

"उपयोग नसला तर नसू दे," मी म्हणाले. "तू मला सांग."

"मी परीक्षेला बसलोच नाही, आई."

"बरं. मग?"

"मग रोज बॅग घेऊन निघायचो. आन इथं येऊन बसायचो."

"मग?"

तो रडायला लागला. त्या रडण्यामागं लोखंडी दार उघडल्याचा आवाज आला, चपलांचा आला, मग कुणाचं तरी हळू बोलणं. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. फोन कानाशी घट्ट दाबून मी तशीच भिंतीला टेकून खाली बसले.

"मग रे?" मी विचारत राहिले.