टाचेची रेघ

“अरे ए लांब्या! पाय उचलून चाल की जरा. खेळायला आलायस का नांगरायला?”

माळीकाका गोलच्या मागे उपड्या बादलीवर बसून ओरडले. लांब्यानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गोलच्या बरोबर मध्यावर तो उभा राहिला, उजव्या बुटाची टाच जमिनीत रुतवली आणि ती ओढत ओढत सरळ पुढे गेला. कोवळ्या गवतातून मातीची एक रेघ उमटली. ती दोनदा न्याहाळून झाल्यावर तो मागे वळला आणि हातमोजे घातलेले हात जोडून म्हणाला, “माफ करा काका. सवय आहे.”

“सवय नाही ती, खोड आहे खोड! जित्याची खोड...”

“...मेल्याशिवाय जात नाही,” लांब्यानं म्हण पुरी केली आणि तो हसला.

काका कपाळाला आठ्या घालून बसले खरे, पण मनातून ते सुखावले होते. ती रेघ त्यांनी तीन वर्षं पाहिली नव्हती. क्लबचा पहिला गोलकीपर सरावात बोट मोडून बसला, म्हणून आज ऐनवेळी बाकावरच्या लांब्याला उठवलं होतं. हंगामातला शेवटचा सामना. हरलो तर क्लब खालच्या गटात जाणार, बरोबरी झाली तरी तरणार. लांब्याचा करारही या महिन्यात संपत होता, आणि गुडघ्यांनी तर तो केव्हाच संपवला होता. आज जे होईल तेवढंच लोकांच्या लक्षात राहणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि काकांनाही.

गोलकीपरचं एक मोठं दुखणं असतं. राखायचं ते सगळं पाठीमागे आणि बघायचं सगळं पुढे. चेंडू पायात घेऊन कुणी अंगावर येत असताना मागे वळून खांब कुठे आहे ते पाहता येत नाही. म्हणून लांब्या दर सामन्याआधी टाचेनं रेघ ओढायचा. नजर जरा खाली टाकली की कळायचं, आपण मध्यापासून किती सरकलो ते. दुसऱ्या दिवशी सकाळी माळीकाका शिव्या घालत ती रेघ माती टाकून बुजवायचे, वर बी पेरायचे, पाणी घालायचे. गवत उगवायच्या आत पुढचा सामना यायचा.

जाळं सुटलं, पांढरी फक्की पुसली, तर ते काम काकांचं. त्यामुळे सामनाभर त्यांची बादली गोलच्या मागे असायची, आणि ती नेमकी लांब्याच्या गोलमागेच असायची. मध्यंतराला बाजू बदलल्या की काका बादली उचलून त्याच्या मागे मागे जायचे.

बायको विचारायची, “अहो, तुम्ही मॅच बघता की गवत?”

“गवतच बघतो,” काका म्हणायचे, “पण हा मध्ये येतो, त्याला काय करू?”

सगळ्या जगानं लांब्याचा चेहरा पाहिला; काकांनी पाहिली ती पाठ. चेंडू सुटायच्या आधी ती पाठ अशी काही शांत व्हायची की काकांना स्वतःचा श्वास मोठा वाटायचा. समोर अकरा जण जिवावर उठलेले, वर हजारोंचा गलका, आणि मध्ये हा एकटा. आपण असतो तर गोल टाकून पळालो असतो, असं काकांना दर वेळी वाटायचं. इतक्या वर्षांत ते नवल काही सरलं नाही.

तरणाताठा असताना लोक त्याला ‘भिंत’ म्हणत. पोरं भिंतींवर त्याचं नाव लिहीत, म्हाताऱ्या बायका रस्त्यात थांबवून त्याचे हात हातात घेऊन बघत. मग करंडकाचा अंतिम सामना आला, याच मैदानावर. पूर्वार्धात एकाशी धडकून लांब्याचा खांदा सुजला. मध्यंतरात पट्ट्या बांधता बांधता उशीर झाला, आणि तो धावत बाहेर आला तेव्हा पंचांनी शिट्टी ओठांत धरली होती. दुसऱ्या बाजूच्या गोलसमोर एक रेघ आधीच ओढलेली होती, ती समोरच्या संघाच्या कीपरची. लांब्या तिच्यावर उभा राहिला.

शेवटी शेवटी एक साधा, मिळमिळीत फटका आला. लांब्यानं झोपेतसुद्धा अडवला असता असा. त्यानं हात घातला, आणि चेंडू त्याची बोटं आणि खांब यांच्या मधून आत गेला. तिथे तेवढी जागाच नसायला हवी होती. करंडक गेला.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्या गोलच्या मध्यावरून दोरी धरली, तर रेघ हातभर उजवीकडे निघाली. त्या कीपरची उजवी बाजू कच्ची होती, म्हणून तो मुद्दाम सरकून उभा राहत असे. काका तसेच मातीच्या हातांनी लांब्याकडे गेले.

“अरे, तुझी चूकच नव्हती! रेघच वाकडी होती. सांग की सगळ्यांना!”

लांब्या बुटांची नाडी सोडत होता. “रेघ त्याची होती, काका. त्याच्यापुरती ती बरोबरच होती. दुसऱ्याच्या रेघेवर उभा राहिलो मी. ते काय म्हणून सांगू?”

आणि त्यानं खरंच कुणाला सांगितलं नाही. वर्तमानपत्रांनी झोडलं, मालकांनी झापलं, हा गप्प. काकांनी आयुष्यात पुष्कळ बढाईखोर पाहिले होते. निमित्त हातात असून ते न वापरणारा माणूस मात्र हा पहिलाच पाहिला. त्या दिवसापासून ते त्याला शिव्या घालत त्या नुसत्या सवयीनं.

लोकांचं काय, वारा येईल तशी पाठ. ‘भिंत’ची ‘चाळण’ झाली. पुढच्याच सामन्यात कुणी तरी घरातून पिठाची चाळण आणली आणि त्याच्या अंगावर भिरकावली. आख्खं मैदान खदाखदा हसलं. लांब्यानं ती उचलली, झटकली आणि जाळ्याला वळसा घालून काकांच्या हातात आणून दिली.

“घ्या काका, माती चाळायला होईल.”

काकांनी ती उलटीपालटी करून पाहिली. चाळण चांगली होती, बारीक जाळीची. ती त्यांनी ठेवून घेतली.

पुढे क्लबनं त्याला एका आडगावच्या संघाकडे उसना दिला, दोन वर्षांनी परत बोलावला आणि बाकावर बसवला. नव्या पहिल्या कीपरला सराव म्हणून चेंडू मारून द्यायचे, पाणी पाजायचं, पाठ थोपटायची. ज्यानं आपली जागा घेतली त्यालाच रोज तयार करायचं. लांब्या ते इतक्या मनापासून करायचा की काकांनाच त्याचा राग यायचा.

“तुला काही वाटत नाही का रे?”

“वाटतं की. रोज वाटतं,” तो म्हणायचा, आणि पुढचा चेंडू मारायचा.

तर आज त्याची पाठ पुन्हा काकांच्या समोर होती. खांदे जरा उतरले होते, उठताना हात गुडघ्यावर जात होता. पण पहिलाच जोरदार फटका आला आणि तो असा काही झेपावला की काका बादलीवरून उठून उभेच राहिले. चेंडू बोटांच्या टोकांनी वर उडाला आणि आडव्या दांड्यावरून गेला. जराशानं दुसरा आला, तो छातीवर. वरच्या पायऱ्यांवरून कुणी तरी चाचरत ‘भिंत’ म्हणालं, मग दहा जण म्हणाले.

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. समोरच्या कीपरची रेघ इथेही होतीच. लांब्यानं ती पायानं पुसली, गोलच्या मध्यावर गेला आणि आपली ओढू लागला. पंचांनी घड्याळाकडे बोट केलं, लोकांनी हुर्यो केली, मुख्य प्रशिक्षक बाजूनं हातवारे करत ओरडले. लांब्या घाई करेना. रेघ पुरी झाली तेव्हाच त्यानं हात वर केला. काका मागे आठ्या घालून बसले होते, पण ओरडले नाहीत.

सामना संपत आला तेव्हा एकेक गोल झाला होता. तेवढ्यात समोरच्यांचा एक जण एकटाच सुटला आणि त्यानं तिरपा, जमिनीलगतचा फटका हाणला. लांब्यानं एकदा खाली पाहिलं, एकदा चेंडूकडे पाहिलं, आणि हात खाली सोडून तो उभा राहिला.

“झोपला! झोपला रे!” मैदान किंचाळलं. प्रशिक्षकांनी तोंड फिरवलं. काकांना मात्र मागून सगळं दिसत होतं. चेंडूला नुसता हात लागला असता तर तो त्या टोकाला टपून बसलेल्या दांडगटाच्या पायात गेला असता, आणि गोल उघडा पडला असता. पण ते दिसणं वेगळं, आणि आयुष्यभराची अब्रू पणाला लावून हात न हलवणं वेगळं. त्या क्षणी ती पाठ अशी निश्चिंत होती, की जणू तो दाराशी उन्हात उभा होता.

चेंडू खांबाबाहेरून गेला आणि काकांच्या बादलीवर आपटला.

चेंडू घ्यायला लांब्या मागे आला. “खांबापासून किती लांबून गेला, काका?”

काकांनी हाताची बोटं जोडून दाखवली. चार.

“मला तीन वाटलं होतं,” तो म्हणाला, आणि चेंडू घेऊन गेला.

बरोबरी झाली, क्लब तरला. ज्यानं गोल केला त्याला लोकांनी खांद्यावर घेतलं. लांब्याबद्दल सगळ्यांचं मत पडलं की म्हातारा बरा खेळला, शेवटी जरा झोपला होता, पण नशीब थोर. काकांनी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं, ताटावरून उठून, उभं राहून, हात खाली सोडून दाखवलं. तिनं विचारलं, “म्हणजे त्यानं काहीच नाही केलं?” “काहीच नाही केलं गं,” काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

आठवड्यानं क्लबनं लांब्याला एक घड्याळ देऊन निरोप दिला. तोवर काकांनी या वेळी त्याची रेघ बुजवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गोलसमोर बसून त्या चाळणीतून माती चाळत होते, तेव्हा तो आला. खांद्याला पिशवी, पायांत साध्या वहाणा. चाळण पाहून तो मोठ्यानं हसला.

“अजून आहे?”

“तुझ्यापेक्षा टिकाऊ निघाली,” काका म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांनी जीभ चावली.

लांब्या खाली बसला. “द्या इकडे. आज मी बुजवतो.”

“तुझं काम नाही ते.”

“रेघ कुणाची आहे, काका?”

काकांनी मातीचं घमेलं पुढे सरकवलं. काय करावं ते सुचेना, म्हणून ते आपल्या जागी, गोलच्या मागे जाऊन बादलीवर बसले. लांब्या गुडघ्यांवर वाकला होता, तोंड गोलकडे करून. अनेकदा मोडून वेडीवाकडी जुळलेली त्याची बोटं मूठ मूठ माती रेघेत भरत होती, तळव्यानं दाबत होती, वर बी टाकत होती. पुढून मागे येत येत तो गोलच्या मध्यापर्यंत आला. इतक्या वर्षांत काकांनी जाळ्यातून त्याचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. त्यांनी मान खाली घातली.

“जित्याची खोड...” खाली बघतच ते कसंबसं म्हणाले. त्यांना वाटलं, तो हसेल आणि नेहमीसारखी म्हण पुरी करील.

लांब्यानं हात झटकले, गुडघ्यावर जोर देऊन उठला आणि पिशवी खांद्याला लावली. मग नुकत्याच भरलेल्या मातीच्या कडेकडेनं, कुठे टाच लागू न देता, एकेक पाय उचलून टाकत तो मैदानाबाहेर गेला.