लेमकेंची कात्री

गेर्नोट विझनर जिंकला असं जाहीर झालं आणि रोस्टॉकच्या हॉलमधली पाच हजार माणसं खुर्च्यांवर चढून नाचली. एकोणीस वर्षं मार खाल्ल्यावर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, हेवीवेट बॉक्सिंगचा जागतिक किताब एकदाचा पदरात पडला. आता गडी गावचा, हॉल गावचा, पंचांची सरबराईही गावानंच केलेली. निकाल दुसरा काय लागणार म्हणा!

बारापैकी आठ फेऱ्या समोरच्या किरोगानं घेतल्या होत्या. अर्जेंटिनाचा तो पोरगा शेवटच्या फेरीतही याला दोरांना टेकवून बडवत होता. गेर्नोटला हे ठाऊक होतं. त्याच्या बरगड्यांना तर चांगलंच ठाऊक होतं.

त्याचे म्हातारे मास्तर लेमके रिंगमध्येच कानाशी लागले. "आता माईक देतील. सांगून टाक, मी हरलो म्हणून."

माईक आला. समोर बायको आनंदानं रडत होती. गेर्नोट सगळ्यांचे आभार मानून मोकळा झाला.

खोलीत येऊन तो बाकावर बसला. लेमकेंची एक रीत होती. ग्लोव्हजच्या आतलं बँडेज लढतीआधी तेच बांधणार आणि लढत संपली की आपल्या बोथट कात्रीनं तेच कापणार. कॉटबुसच्या लढतीत गेर्नोट दुसऱ्याच फेरीत आडवा झाला, तेव्हासुद्धा त्यांनी आधी हात मागितले होते. सरळ हरलास, लाजू नकोस, म्हणाले होते. आज बाकीच्यांनी बिअर उघडली, पण मास्तर काही येईनात.

शेवटी शोधत शोधत तो पलीकडच्या खोलीशी गेला. किरोगाची माणसं पंचांशी भांडायला गेली होती. आत लेमके गुडघे टेकून किरोगाचं बँडेज कापत होते आणि पोरगा हुंदके देत होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

दारातच उभं राहून गेर्नोटनं दोन्ही हात पुढे केले. "मास्तर, माझे राहिलेत."

लेमकेंनी मान वर केली नाही. "ज्यांनी तुझा हात वर केला, त्यांच्याकडूनच सोडवून घे."

सकाळी नाश्त्याला बसला तेव्हाही बँडेज तसंच होतं, घाम वाळून कडक झालेलं. कॉफीचा कप धरवेना. "अरे, काय हे, आण इकडे," म्हणत बायकोनं स्वयंपाकघरातली कात्री घेतली, तर एवढा सहा फुटी गडी हात काखेत दडवून रडायला लागला.