गेटवरचा फोन

मी नेटवर्क स्विच बोलतोय. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एक फौंड्री आहे, तिच्या स्टोअररूममधल्या कुलूपबंद लोखंडी पेटीत माझा मुक्काम. माझ्या वायरींतून आवाज जातो, चित्रं जातात आणि पलीकडच्या कॅमेऱ्यांना-फोनला वीजही त्याच वायरीतून मिळते. सगळे माझ्याच हातचं खातात म्हणा ना!

पण साधी धूळ झटकायलाही कुणी फिरकत नाही. मला सोबत होती ती एकाच माणसाची, गेटवरच्या बाबासोची. कोडोलीचा गडी. गेटवर मोबाईलला बंदी, म्हणून त्याचा टेबलावरचा फोन माझ्यावर चालायचा. रिंग वाजली की हा ओरडायचा, "बाबासो बोलतोय, बोला की पावणं!" तो आवाज माझ्यातून जायचा आणि मला फार बरं वाटायचं.

मग नवे कॅमेरे आले. ते जोडायला सोनम आली, हुशार पोरगी. माझ्याकडची वीज मोजकी, म्हणून तिनं मला नेमून दिलं: वीज अपुरी पडली तर कॅमेरे जपायचे, गेटचा फोन आधी सोडायचा. दुपारच्या उजेडात सगळ्यांना पुरत होतं. ती पेटीला कुलूप लावून गेली.

दिवस मावळला आणि अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यांनी आपले दिवे लावले. त्यांची भूक एकदम वाढली. नेमून दिल्याप्रमाणे बाबासोचा फोन बंद पडला. उजाडताच दिवे विझले, फोन सुरू. मग रोज तेच.

रात्री गेटवर फोन लागेना, म्हणून मॅनेजर उदयसिंह भडकले. माझ्या पेटीसमोरच त्यांनी बाबासोला उभं केलं.

"तुझ्याच रातपाळीला बरा बंद पडतो? झोपायला मिळावं म्हणून वायर काढतोस!"

"न्हाय ओ सायेब! दिस मावळला की आपोआप मरतोय त्यो. म्या हात बी लावलेला न्हाय."

"मग सकाळी कसा जिवंत होतो?"

उत्तर मला ठाऊक होतं, पण मला तोंड कुठाय? त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. जीव नुसता तळमळला माझा.

पुढं सोनम दुसऱ्याच कामाला आली आणि तिला संध्याकाळ झाली. लॅपटॉपवर तिच्या डोळ्यांदेखत गेटच्या फोनची वीज गेली. बाबासोचं काय झालं ते तिच्या कानावर आलं होतंच; तिनं तडक उदयसिंहांना बोलावून आणलं.

"सर, गेटवरचे काका खरं सांगत होते. चूक माझ्या सेटिंगची होती."

"ऱ्हाऊ दे आता," उदयसिंह म्हणाले. "नवा माणूस लावलाय. त्याला मोबाईल बी दिलाय."

तरी तिनं विजेसाठी गेटच्या फोनला पहिला मान दिला आणि तिथं रिंग देऊन पाहिली. "हॅलो," पलीकडून कुणीतरी म्हणालं. तिनं फोन ठेवला.

आता त्या फोनला मी रात्रभर पोटभर वीज पुरवतो. वाजत मात्र तो कधीच नाही. कोडोलीकडं जाणार असाल, तर बाबासोला एवढं सांगा, पावणं. तू वायरीला हात लावला नव्हतास, हे सोनमनं इथं सगळ्यांसमोर सांगितलंय. सगळे म्हणजे उदयसिंह आणि मी.