पाय जमिनीला न लावता

लग्नाला तीन दिवस उरले होते आणि मी आठवडाभर घरात कोंडलेली होते. आमच्या क्लातेन भागात लग्नाआधी नवरीनं उंबरा ओलांडायचा नसतो, त्याला पिंगित म्हणतात. फोनसुद्धा आईनं काढून घेतला होता. वर उपास, नुसता पांढरा भात आणि पाणी. त्यानं म्हणे चेहऱ्यावर तेज येतं.

मला तेजाऐवजी ताप आला. घसा डावीकडून सुजला, कळ थेट कानात जायची. आधी भात उतरेना, मग पाणीही. ताट जसंच्या तसं परत गेलं की आई शेजारणींना सांगायची, "आमच्या रत्नानं भातसुद्धा सोडला हो! एवढी निष्ठा असेल असं वाटलं नव्हतं."

मी शाळेत चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारी मास्तरीण. आता तोंडातून नुसतं घोगरं काहीतरी निघायचं. त्यावरही आई खूशच. "बरंय, जीभ जरा आवरली. सासू दुवा देईल मला."

वहीचा कागद फाडून लिहिलं, डॉक्टरकडे ने. आईनं कागद वाचला आणि घडी घालून कमरेला खोचला.

"हळद-चिंचेचा काढा देते."

दुसरा कागद फाडला. डॉक्टरला घरी तरी बोलाव.

"म्हणजे गावभर होऊ दे, नवरी आजारी म्हणून? आणि बाहेरचं तर नावच काढू नकोस. सुरती मावशीचं ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. आईची ही धाकटी बहीण पिंगितमध्ये दोऱ्याचं रीळ आणायला म्हणून बाहेर पडली आणि उसाच्या ट्रकखाली आली. तिचा फोटो ओसरीत दारासमोरच आहे. तिच्या नावापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही. मी उशीत तोंड खुपसून रडले, तर रडतानाही घसा दुखला.

दुपारी लास्मिनीबाई आल्या. पंचक्रोशीतल्या नवऱ्या त्याच सजवतात. कपाळावरची लव काढायला त्यांनी माझी हनुवटी वर केली, तशी लाळ त्यांच्या मनगटावर ओघळली.

"गिळ की गं."

मी मान हलवली.

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "तोंड उघड. अजून." त्यांचं एक बोट जेमतेम आत गेलं. मग आईकडे वळल्या. "सुमार्ती, हा कसला उपास? पोरीची स्वतःची थुंकी उतरत नाहीये! आत गळू धरलंय. आता काढेबिढे पुरे. श्वास अडकला तर मी सजवू कुणाला?"

मी उठून दाराकडे निघाले. आई दारात आडवी झाली.

"नाही. एक बहीण गेलीय माझी."

मला तिचा संताप आला आणि दयाही आली, दोन्ही एकदमच. श्वासाला घरघर लागली होती.

मंडपाच्या झावळ्या टाकून बाबा आत आले. माझ्याकडे बघून आईला म्हणाले, "परवा न्हाणं झाल्यावर हिला उचलून खोलीत न्यायचंय ना मी? रीतच आहे. आज उचलतो. पाय जमिनीला लागला नाही, म्हणजे ती बाहेर पडलीच नाही."

"तुमची कंबर?"

"कंबर माझी आहे. तू बाजूला हो."

आई बाजूला झाली. जाताना तिनं माझ्या चपला कपाटात कोंबल्या.

शेजाऱ्यांच्या गाडीपर्यंत बाबांनी नेलं, कण्हत कण्हत. इस्पितळात खुर्चीपर्यंतही त्यांनीच. डॉक्टरीण तरुण होती. बॅटरी मारून बघितलं आणि तिचा चेहरा बदलला. "कालच यायचं होतं. थुंकी गिळवेना, तोंड उघडेना, मग कशाची वाट बघत होता? पाय खाली सोडून बसा."

आई फरशीवर बसली आणि माझे दोन्ही पाय तिनं मांडीवर घेतले.

"बाई, तुम्ही जरा बाहेर..."

"तुम्ही तुमचं काम करा."

सुई टोचली, मग पातं फिरलं. घाण बाहेर आली, तोंड कडू झालं. आणि थोड्या वेळानं थुंकी आपोआप खाली उतरली. मी अधाशासारखी पुन्हा पुन्हा गिळत राहिले.

"आई, पाय सोड. मुंग्या आल्यात."

माझा आवाज माझ्यासारखा निघाला. आईचे डोळे भरून आले, पण हात काही सुटले नाहीत.

"बोल," ती म्हणाली. "अजून बोल गं काहीतरी."