उतरताना दुबळा पाय आधी

तिने डाव्या हाताने कठडा घट्ट धरला, उजवा पाय पुढे काढला आणि खालच्या पायरीवर टेकवला. मग डावा त्याच्या शेजारी आणला.

"उतरताना दुबळा पाय आधी," ती पुटपुटली.

नवरा जिन्याच्या तळाशी तिची काठी घेऊन उभा होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून ती खाली यायची ती फक्त दवाखान्यासाठी, खुर्चीसकट उचलून. तिचं शिवणाचं दुकान खाली जिन्याला लागूनच होतं, तेव्हापासून बंद. हाडांच्या बळकटीची तपासणी चांगली आली तरच एकटीने जिना, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. परवा ती चांगली आली.

"राणीसरकार उतरतायत, बाजूला व्हा रे!" वरून अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. तपासणीला त्याच सोबत गेल्या होत्या.

"अक्का, तिला बोलण्यात गुंतवू नकोस."

"मी तुझ्याशी बोलतेय. त्या तपासणीच्या मशीनवाल्या पोरीची काय गंमत! खुब्याचा फोटो म्हणे पाय आत वळवून, ठोकळ्याला बांधून काढतात. हिचा उजवा काही वळेना. शेवटी वैतागून म्हणाली, राहू दे, डाव्याचा काढते."

म्हणजे परवा चांगली आली ती डाव्या पायाची तपासणी.

डावा पाय धडधाकटच होता. उजव्यावर इतके महिने भार पडला नव्हता, आणि भार नसला की हाड विरळ होत जातं हे त्याला डॉक्टरांनीच समजावलं होतं.

हाक मारावी तर ती दचकेल. काठी भिंतीला टेकवून तो आवाज न करता वर चढला आणि तिच्या दोन पायऱ्या खाली थांबला.

"बाजूला व्हा. पायरी दिसत नाहीये मला."

"थांब जरा. वर जाऊ. मी धरतो."

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आत्ता कळलं वाटतं तुम्हाला."

"तुला माहीत होतं?"

"पाय माझा. मला नाही कळणार?"

"आणि डॉक्टरांना?"

"त्यांनी विचारलं नाही."

"अगं, हाड मोडलं बिडलं तर..."

"खुर्चीत बसून भरणार आहे का ते? बसून बसूनच पोकळ झालं ना?" तिच्या ओठावर घाम साचला होता. "उद्या न्या त्या पायाला तपासायला. ठोकळ्याला बांधा, नाहीतर खिळे ठोका. आज खाली जाऊ द्या."

वर जायलाही आता खाली जाण्याइतक्याच पायऱ्या होत्या.

त्याने दोन्ही हात तिच्या कमरेशी नेले.

"हात लावायचा नाही."

"नाही लावत."

तिचा उजवा पाय पायरीवरून सुटला आणि हवेत थरथरला. हात तसेच अधांतरी ठेवून, मागे न बघता, पायानेच पायरी चाचपत तो एक पायरी खाली सरकला.