बटणावरचा माणूस

चातुर्मासात मी रोज संध्याकाळी दिवा लावून त्या त्या वाराची कहाणी सांगते. कहाणीला ऐकणारा लागतो. आपणच मनात म्हटली तर ती देवाला पोचत नाही, असं धारच्या आमच्या सासूबाई म्हणायच्या. ऐकणाऱ्यानं मुठीत अक्षता धरून बसायचं आणि प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणायचं. सांगणारीनं वाक्य संपलं की ताम्हनात तांदळाचा एक दाणा टाकायचा. आमचा मुलगा अक्षत देवासच्या हिंदी शाळेत शिकला, त्याला कहाणीतलं अर्धंमुर्धं कळतं. तेव्हा 'हूं' म्हणायला हेच. कामावरून कितीही दमून आले तरी हातपाय धुऊन पाटावर बसतात.

त्या शनिवारी माझा घसा धरला होता. मधेच शब्द अडला म्हणून थांबले, पण चिमटीतला दाणा सुटून ताम्हनात पडला.

"हूं," हे म्हणाले.

वाटलं, डुलकी लागली असेल. पण डोळे चांगले उघडे होते, ताम्हनाकडे लागलेले. मी काही न बोलता आणखी एक दाणा टाकला.

"हूं."

मग मी माझ्या नेहमीच्याच आवाजात म्हटलं, "अहो, देवघरात साप निघालाय." आणि दाणा टाकला.

"हूं," हे म्हणाले, अगदी भक्तिभावानं.

कहाणी मी तशीच शेवटाला नेली. माझा आवाज मुळातच बारीक. माहेरी म्हणायचे, हिचं बोलणं उंबऱ्याबाहेर जात नाही. पण पाटावरून पाटावर तरी जात होतं ना? ते कधी थांबलं, मला कळलंच नाही.

आणि मग मला यांचं काम आठवलं.

मोठाल्या मशीनींचे नट आवळणं हे यांचं काम. घागरीएवढाले नट असतात. पूर्वी एकानं पाना धरायचा आणि दुसऱ्यानं त्यावर घण घालायचा; दिवसभर कानाशी ते लोखंड. आता तेलाच्या दाबावर चालणारा पाना आला आहे. तो नटावर चढवायचा, त्याचा दांडा शेजारच्या लोखंडाला टेकवायचा, आणि पंपाचं बटण दाबलं की नट फिरतो. पण जेवढा जोर नटाला, तेवढाच त्या दांड्याला. दांडा आणि टेकू यांच्यामधे बोट राहिलं तर हातमोजा निघून येतो आणि बोट मोज्यातच राहतं, असं हेच सांगायचे. म्हणून पाना धरणारा आधी "हात बाहेर!" ओरडतो, बटणावरचा माणूस तेच परत म्हणतो, आणि मगच बटण दाबतो. खरं तर बटण पाना धरणाऱ्याच्याच हाती असावं. पण यांच्या टोळीची जुनी सवय: पाना वर, पंप खाली. मशीनच्या खांबाआड वरचं काही दिसत नाही. नुसतं ऐकायचं.

बटणावर हे असतात. वर पाना धरायला आमचा अक्षत.

जेवणं झाल्यावर मी यांच्या अगदी समोर बसले. "तुम्हाला ऐकू येत नाही."

हे माझ्या ओठांकडे बघत सुपारी कातरत होते. "घण घातलेल्या माणसाचे कान जातातच गं. तुझा आवाज तर काय, मुंगीचा."

"कानाला यंत्र लावा."

"लावून बघितलं कारखान्यात, तुला न सांगता. नुसती घरघर वाढते."

"मग अक्षत 'हात बाहेर' म्हणतो ते?"

"अंदाज असतो. जन्म गेला त्यात."

"माझ्या कहाणीला होता तसा?"

यांनी अडकित्ता खाली ठेवला. "उमाशंकरला कळलं तर परवापासून घरी बसवील. मग मी काय करू? तुझ्या वाती वळू? आजवर माझ्या हातून कुणाचं नख गेलेलं नाही." आणि माझं मनगट धरून म्हणाले, "तुला तुझ्या व्रताची आण आहे. कुणाला बोलायचं नाही. अक्षतलासुद्धा."

अशी आण यांनी कधी घातली नव्हती. माझ्या उपासांची थट्टा करतील, पण माझ्या देवाला मधे ओढणारे हे नव्हेत. किती घाबरले होते, ते मला तेव्हा समजलं.

रविवारी अक्षत सोमवारच्या कामाची पिशवी भरत होता. पिथमपूरला पत्रा दाबायचा चार खांबांचा मोठा प्रेस उघडून पुन्हा बसवायचा होता.

"बाबा ना, एकदम जिद्दी झालेत," तो हसत म्हणाला. "तीन-तीन हाका मार, बघतच नाहीत. लास्ट टाइम तर मी बोलायच्या आधीच बटण दाबलं. मोज्याचं टोक गेलं बस."

"आणि बोट?"

"बोट है ना, हे बघ." त्यानं पाचही बोटं माझ्यासमोर नाचवली. "टेन्शन नको घेऊ आई, बाबा है ना."

ती बोटं मी हातात धरून ठेवली. तो म्हणाला, "अरे, पोळी करपतेय तुझी."

सोमवारी सकाळी उमाशंकरांची जीप फाटकाशी आली. ते यांचे सुपरवायझर. मूळचे हाटपिपल्याचे, तोंडानं मोकळे, यांना भाऊ मानून 'भिया' म्हणणारे. मी चहा नेला. हे कपबशी घेऊन जीपच्या पुढच्या अंगाला उभे राहिले, अक्षत मागे सामान चढवत होता.

"भाभीजी, भिया को दो दिन के लिए ले जा रहा हूँ. उपवास में मेरे नाम का भी एक फल खा लेना."

मी म्हटलं, "भाईसाहब, यांना ऐकू येत नाही."

"क्या?"

"यांना बटणावर ठेवू नका. सुनाई नहीं देता इनको. अजिबात."

हे माझ्यापासून चार हातांवर होते. चहा पीत, फाटकावरच्या वेलाकडे बघत. त्यांच्यासमोर मी त्यांचं आयुष्यभराचं काम काढून घेतलं आणि त्यांना पत्ता नव्हता. आण मोडली होती. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन, पण यांच्याकडे मला बघवेना.

उमाशंकर जाऊन यांच्या पाठीमागे उभे राहिले. "अरविंद भिया!" मग मोठ्यानं, "ओ भिया!"

हे बशीत चहा ओतत राहिले.

अक्षतच्या हातातली पिशवी तशीच राहिली. त्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग बाबांकडे. "बाबा," म्हणाला तो, पण फार हळू, आम्हालाच ऐकू आलं.

तेव्हा यांनी मान वळवली. एकेकाचा चेहरा बघितला. माझ्यावर नजर आली आणि तिथेच थांबली. कपबशी कट्ट्यावर ठेवली, जीपच्या मागे जाऊन आपलं हेल्मेट आणि डबा उतरवून घेतला आणि घरात गेले. उमाशंकर त्यांच्यामागे दोन पावलं गेले, "भिया, ऑफिस में बैठ जाना, कुछ देखते हैं," म्हणाले. पण तेही यांच्या पाठीलाच.

अक्षत म्हणाला, "आई, मी नाही जात."

"जा तू. बटण आपल्याच हातात ठेव."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. चारही खांबांचे नट बसले होते, बटण त्याच्याच हातात होतं, कुणाला काही झालं नव्हतं. "बाबांना सांग ना," म्हणाला. "सांग, त्यांनी शिकवलं तसंच केलं. समोरासमोरचे दोन आधी, मग दुसरे दोन. थोडं थोडं." फोन ठेवता ठेवता परत म्हणाला, "सांगशील ना?"

हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आदल्या सकाळपासून जेवले नव्हते. मी खांद्यावर हात ठेवला, तर वळले, मला बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"अक्षतचा फोन होता," मी म्हटलं. "काम नीट झालं."

मग कानाशी वाकून म्हटलं. मग जन्मात पहिल्यांदा ओरडून म्हटलं, "अहो, त्याचे हात शाबूत आहेत! तुम्ही शिकवलंत तसंच केलं त्यानं!"

शेजारच्या कल्पनाताई गच्चीवरून विचारू लागल्या, "काय झालं वहिनी? काय झालं?"

यांनी डोळे उघडले नाहीत.