आईचा डेन्मार्क

नागपूरला पोचले त्याच संध्याकाळी, जेवताना, मी आईला सांगून टाकलं. इथल्या एका पाणी तपासणाऱ्या संस्थेत मला नोकरी मिळते आहे, सोमवारपर्यंत कळवायचं आहे, आणि डेन्मार्क सोडून परत यावं असं माझ्या मनात आहे. मला वाटलं होतं, ती ताटावरून उठून शेजारी सांगायला धावेल. तिने पोळी वाढली आणि म्हणाली, "पाहू."

दुसऱ्या दिवशी कूलर बिघडला. पंखा फिरत होता, पण जाळीतल्या गवतावर पाणी चढत नव्हतं. मे महिन्यात असा कूलर चालू ठेवण्यापेक्षा बंद केलेला बरा.

"मेकॅनिक बोलावू?"

"विक्की गावाले गेला लग्नाले," आई म्हणाली. "आता हे असंच. तुह्या तिथं बरं आहे बाप्पा. बस वेळेवर, नळाचं पाणी तसंच प्यायचं, कोणी हॉर्न नाही वाजवत. किती शांत!"

गेल्या वर्षी ती माझ्याकडे चार महिने राहिली होती. तेव्हा त्याच शांततेला ती मसणवटा म्हणायची, आणि वेळेवर येणाऱ्या बसमध्ये कुणी बोलत नाही म्हणून रुसून बसायची. निरीक्षणं तीच, निष्कर्ष उलटा. प्रयोगशाळेत असं झालं की मी आधी उपकरण उघडून पाहते. घरी ते सुचलं नाही.

मग ऐन दुपारी तिने मला इतवारीच्या बाजारात नेलं, कुकरची रिंग घ्यायला. ती रिंग आमच्या कोपऱ्यावरही मिळते. गल्लीत एक टेम्पो आणि एक हातगाडी समोरासमोर अडकले होते, आणि दोघांपैकी कुणीही मागे सरायला तयार नव्हता. "पाहून घे," आई म्हणाली, अगदी समाधानाने.

दुकानदाराने विचारलं, कुकर किती लिटरचा? मला माहीत नव्हतं. आई मुद्दाम गप्प.

"मॅडम, कुकरचं माप माहीत नाही अन् रिंग घ्याले आल्या? उद्या पाय घरी ठेवून चप्पल घ्याले याल!"

मी म्हणाले, "तुम्ही पाच लिटरची दाखवा, नाही बसली तर तुमच्याच डोक्यावर बसवीन." तो मोठ्याने हसला, बाजूचा दुकानदारही हसला. घरी येईपर्यंत मला मधूनमधून हसू येत होतं. आई मात्र नाराज दिसली.

त्यानंतर रोज दुपारी तिची विहारात महिला मंडळाची बैठक असायची. मी ओला टॉवेल मानेवर घेऊन पडून राहायचे, आणि ती दोन तासांनी चांगली टवटवीत होऊन परत यायची. धम्माच्या कामाने माणूस ताजंतवानं होतं, असं तिचं म्हणणं.

शनिवारी सिंधूताई आल्या. भिंतीला भिंत लागून राहतात. आईची चाळीस वर्षांची मैत्रीण. "जयभीम वं मिनल," म्हणाल्या आणि पिशवीतून कूलरचा पंप काढून थेट माझ्या हातात दिला.

"घे हे तुमचं. माह्या पलंगाखाली लपवून ठेवाले सांगितलं हिनं. अन् रोज दुपारी माह्या कूलरसमोर घोरत पडते. आज म्हणलं, पोरगी उकडून मरून राहिली, बस झालं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काहून सांगितलं वं सिंधू?"

"अन् तू काहून लपवला?" मी विचारलं.

आई खाली बसली. पदराने तोंड पुसलं. "तू माह्यासाठी सगळं सोडून येशील. मग धा वर्षांनी एखाद्या दिवशी भांडण होईल, अन् तू म्हणशील, तुह्यापायी आली मी. ते मले नाही ऐकाचं. तुले हा उन्हाळा नकोसा झाला असता, तर आपोआप परत गेली असती."

मी पंप टेबलावर ठेवला. मला नीट सांगायचं होतं.

"आई, तिथली हवा चांगली आहे. संध्याकाळी पाचला घरी येते, सायकलवर फिरते. ते सगळं मला आठवेल. पण मी तिथं जे पाणी तपासते, ते आधीच शुद्ध असतं. दर आठवड्याला मी लिहून देते, ठीक आहे. इथे पारशिवनीकडच्या गावांतल्या विहिरी आहेत, लोक ते पाणी तसंच पितात. तिथे मी काय लिहिते, त्याने कुणाला तरी फरक पडेल. शिवाय डेन्मार्कमध्ये माझ्याशी कुणी भांडतच नाही."

"म्हणजे तू विहिरींसाठी येऊन राहिली?"

"हो."

"माह्यासाठी नाही?"

"नाही."

आईचा चेहरा हलका झाला. मग म्हणाली, "थोडीशीही नाही?"

मी विचार केला. "दहा टक्के."

"धाच?" आई उठून उभी राहिली. "नऊ महिने पोटात वागवलं, त्याचे धा टक्के? विहिरीनं तुले शाळेत सोडलं का?"

"झालं सुरू," सिंधूताई म्हणाल्या आणि पाय पसरून नीट बसल्या.

बराच वेळ घासाघीस झाली. वीसवर सौदा ठरला, आणि मी सोमवारची वाट न पाहता तिथेच संस्थेला होकार कळवला.

"पण घर वेगळं घे," आई म्हणाली. "जवळच घे, पण वेगळं. मले एकटीची सवय झाली आहे, अन् मस्त आहे ते."